घंटा खिशात घालणारा सम्राट

भाऊकाकांच्या शोकसभेत शांतता व्हावी म्हणून मी टेबलावरची पितळी घंटा वाजवली, आणि अर्धा हॉल उठून जेवणाच्या रांगेत उभा राहिला. त्या दिवशी जेवण नव्हतंच. चूक माझीच. आमच्या लंडनजवळच्या इल्फर्डच्या मराठी मंडळात अध्यक्षांनी घंटा वाजवली की जेवायचं, ही वर्षानुवर्षांची सवय... आणि ते अध्यक्ष आता हार घातलेल्या फोटोत होते. हसत होते, एवढंच बरं.

रेल्वेतून रिटायर झालेले भाऊकाका सगळ्या इल्फर्डचे काका. त्यांना अध्यक्ष केलं ते कशातच ढवळाढवळ करत नाहीत म्हणून. निर्णय कमिटीचे, भाषण सेक्रेटरींनी लिहिलेलं, काकांनी फक्त ते वाचून घंटा वाजवायची. "मी तुमचा चिनी सम्राट," म्हणायचे. चीनच्या जुन्या इतिहासातल्या एका सम्राटावर त्यांचा भारी जीव. पोरवयात गादीवर बसवलेला, मग एका सेनापतीनं दुसऱ्याकडून पळवलेला, या शहरातून त्या शहरात फिरवलेला. हुकूम सेनापतीचा, शिक्का तेवढा सम्राटाचा. शेवटी सेनापतीच्या मुलानं गादीही काढून घेतली.

रविवारच्या मराठी वर्गात ही गोष्ट ऐकून माझी लेक म्हणाली, "पण काका, ती सम्राट एकदा पण 'नो' का नाही बोलला? शिक्का तर त्याच्याकडे होती ना?"

काका म्हणाले, "विचार करून सांगतो गं."

उत्तर मिळालं दिवाळीच्या जेवणाला. मुलं कमी येतात म्हणून तो वर्गच बंद करायचं कमिटीनं ठरवलं होतं. काकांनी तसं जाहीर करून घंटा वाजवायची. त्यांनी भाषणाची घडी केली, घंटा कोटाच्या खिशात घातली आणि खुर्चीत बसले. "वर्ग चालू राहणार म्हणा, मग वाजवतो."

"अहो काका, लोक थांबलेत!" सेक्रेटरी कुजबुजले.

"मीही थांबलोय."

मसालेभाताचा वास हॉलभर पसरलेला... आणि मला भूक मुळीच सहन होत नाही. मागून मीच ओरडलो, "अहो, चालू ठेवा तो वर्ग, पुऱ्या गार होतायत!" मग सगळा हॉलच ओरडू लागला, आणि सेक्रेटरींनी मान डोलावली. लोक अजून मला त्या बंडाचा पुढारी समजतात. मी नाही म्हणत नाही.

वर्ग अजून भरतो. सम्राटाची गोष्ट आता लहान मुलांना माझी लेक सांगते. मराठी तशीच मोडकी, पण आवाज खणखणीत.

शोकसभेनंतर कमिटीनं अध्यक्षपद मला देऊ केलं. ढवळाढवळ करणारा नाही, असं कौतुकही केलं. मी घंटा घरी आणून किचनच्या टेबलावर ठेवली. "घेऊ का गं?"

बायकोनं ती उचलून माझ्या कोटाच्या खिशात घातली. म्हणाली, "घे. फक्त निघताना घरून जेवून जात जा."