जन्मल्यापासूनचा दंड

पासपोर्ट काउंटरवरच्या अधिकाऱ्याने सनाला अलीकडच्या बाजूलाच थांबवलं. तिला गावी घेऊन जाणारी बाई तोवर पलीकडे पोहोचली होती. "तुम्ही जा. मुलगी जाणार नाही," अधिकारी तिला सांगत होता. बाई रडायला लागली. सना सहा वर्षांची. ती रडत नव्हती, नवीन बुटांकडे बघत उभी होती.

त्या दुपारी मी कंपनीची नवी माणसं उतरवून घ्यायला मस्कतच्या सीब एअरपोर्टवर गेलो होतो. काचेबाहेर उभ्या असलेल्या दाऊदने, म्हणजे सनाच्या वडिलांनी, मला पाहिलं आणि तो धावत आला.

"फ्रान्सिसभाई, पोरीला सोडत नाहीत ओ. तुम्ही बोला ना जरा."

मी कंपनीचा पीआरओ होतो. अरबीत त्याला मंदूब म्हणतात. इमिग्रेशन, लेबर, पोलीस, सगळ्या सरकारी खिडक्यांवर कंपनीच्या वतीने उभं राहणारा माणूस. व्हिसे काढायचे, कार्डं रिन्यू करायची, कोणाचं काही अडलं तर सोडवायचं. वसईहून आलो तेव्हा मला अरबीचा एक शब्द येत नव्हता. खिडक्यांवर उभा राहून राहून शिकलो.

आमची कंपनी हॉटेलांना आणि कँपांना जेवण पुरवायची, त्यांची लाँड्री करायची. दाऊद लाँड्रीत इस्त्रीवर होता. मूळचा रायगडातला, म्हसळ्याकडचा. त्याची बायको नसीमा मस्कतजवळ अल अमेरातला एका ओमानी शिक्षिकेच्या घरी कामाला होती. दोघांचे व्हिसे वेगवेगळे, दोन्ही व्यवस्थित. मधल्या काळात सना झाली. इथल्याच हॉस्पिटलात.

मी आत गेलो. अधिकाऱ्याने मला सनाचा पासपोर्ट दाखवला. "हिचा व्हिसा नाही. कधीच नव्हता. जन्मापासूनचा दंड आहे. तो भरा, मग जाऊ दे."

बाहेर येऊन मी हे दाऊदला सांगितलं.

"पण ती इथंच जन्मली. ती कुठून आत आली, की तिला व्हिसा लागेल?"

तरी नियम होता. परदेशी माणसाचं मूल इथे जन्मलं, की ठरलेल्या मुदतीत बापाने त्याचं रेसिडेन्स आपल्या नावावर काढायचं. नाही काढलं तर दंड सुरू होतो आणि दिवसागणिक वाढतो. पण रेसिडेन्स काढायला बापाला फॅमिली स्टेटस लागतं. ते मिळतं पगार आणि हुद्दा बघून. इस्त्रीवाल्याला ते मिळत नव्हतं. म्हणजे काढा म्हणणारा नियम एक, आणि काढू न देणारा दुसरा. मधल्या फटीत ही पोर अडकली.

माझी दोन्ही मुलं त्याच हॉस्पिटलात झाली. मी स्टाफ ग्रेडला होतो. त्यांची कार्डं आठवड्याभरात हातात आली. मला सुट्टीसुद्धा घ्यावी लागली नाही.

दाऊद दरवर्षी ठरवायचा, यंदा पोरीला गावी सोडून यायचं. दरवर्षी चौकशी केली की दंड त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असायचा. मग पुढच्या वर्षी बघू. ती शिक्षिका भली. पोर तिच्या घरात तिच्या मुलांबरोबर वाढली. पण आता शाळेचं वय झालं. रेसिडेन्स कार्डाशिवाय कुठलीच शाळा घेईना. म्हसळ्याला दाऊदची बहीण होती, ती सांभाळायला तयार झाली. कोणीतरी दाऊदला सांगितलं, लहान मुलांना एअरपोर्टवर विचारत नाहीत. त्यावर विसंबून त्याने तिकीट काढलं होतं.

ती बाई एकटीच गेली. मी सनाला बाहेर आणलं.

दाऊदला मी सांगितलं, एक रस्ता आहे. ज्याला दंड भरणं खरोखर शक्य नाही, त्याने अर्ज करायचा. कारण पटलं तर इमिग्रेशन दंड माफ करतं. अर्जाला पैसे पडत नाहीत. फक्त गरीब आहोत हे सिद्ध करायचं. त्यासाठी कंपनीचं सॅलरी सर्टिफिकेट लागतं.

अर्ज मीच लिहिला. सर्टिफिकेट ऑफिसातून नेहमीसारखं टाईप होऊन आलं. मी ते जोडलं आणि देऊन आलो. काही दिवसांनी खिडकीवर गेलो तर अर्ज परत.

"इतका पगार असलेल्या माणसाला माफी कशाला?" खिडकीतला माणूस म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. सर्टिफिकेटवर जो पगार होता तो बघून मीही तेच म्हटलं असतं.

आता हे समजावून सांगतो. आमच्या कंपनीत प्रत्येक कामगाराचे दोन पगार होते. एक लेबर ऑफिसला दाखवलेल्या करारातला. तो चांगला असायचा, कारण तसा नसेल तर माणसं आणायची परवानगी मिळत नसे. दुसरा महिनाअखेरीला पाकिटातून हातात पडणारा. तो पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास. खोलीचे कापले, जेवणाचे कापले, व्हिसाचे कापले, अशी कारणं सांगायची. हे सगळ्यांना माहीत होतं. कामगारांना, मला, अकाउंट्सला. ज्यांना माहीत नव्हतं ते खिडकीच्या पलीकडे बसले होते.

मी देसाईसाहेबांकडे गेलो. ते आमचे जनरल मॅनेजर, पुण्याचे. ऑफिसात माझ्याशी मराठीतच बोलायचे.

"सर, दाऊदचं सर्टिफिकेट बदलून द्या. जो हातात मिळतो तो पगार लिहा."

"वेडा झालास का रे? करारात एक आणि सर्टिफिकेटवर एक? उद्या लेबरवाले दारात उभे राहतील."

"मग पोरीचं काय करायचं?"

"मी सांगितलं होतं का त्याला मुलं काढायला? ज्याची ऐपत नाही त्याने विचार करावा."

त्यांच्या टेबलावर त्यांच्या मुलीचा फोटो होता. कॉलेजच्या गाउनमधला. मी तिकडे बघितलं.

मग ते जरा नरमले. "हे बघ, मी माणूस आहे. दंडाची रक्कम कंपनी ॲडव्हान्स देईल. त्याच्या पगारातून कापून घेऊ, हळूहळू."

मी मनात हिशेब केला. पोर लग्नाच्या वयाची झाली असती तरी कापणं संपलं नसतं. आणि तोवर दाऊद कंपनी सोडूच शकला नसता. वर याला उपकार म्हणायचं. मला इतका संताप आला की तोंडातून शब्द फुटेना. साहेबांना वाटलं मला पटलं.

"सांग त्याला. आणि थँक्यू म्हणायला ये म्हणावं."

दाऊदला सांगितलं, तर तो हो म्हणाला. सरळ हो. "पोर तर जाईल ना? बास."

"दाऊद, अरे तुझा पगार बरोबर दिला असता तर हा दंड तू पोर तीन महिन्यांची असतानाच भरून मोकळा झाला असतास."

"माहीत आहे भाई. पण ते कोणाला सांगू?"

घरी बायकोला सगळं सांगितलं. फिलोमिना नर्स होती, तिला गोड बोलता येत नसे. ती म्हणाली, "तुला सांगता येतं ना? मग तू सांग. नोकरी गेली तर माझा पगार आहे."

ॲडव्हान्सच्या कागदावर सही करण्याआधी एकदा वरच्या अधिकाऱ्याला भेटू, असं म्हणून मी दाऊदला थांबवलं. नसीमाने मालकिणीकडून सकाळची सुट्टी घेतली. सनाला धरून चौघे इमिग्रेशनला गेलो. अधिकारी वयस्कर होते, खांद्यावर पट्ट्या. आवाज हळू. त्यांनी अर्ज वाचला, सर्टिफिकेट वाचलं.

"हा पगार याला मिळतो?"

मी दाऊदसाठी त्याचं भाषांतर केलं. दाऊद गप्प. त्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. नसीमाने त्याच्या शर्टाची बाही धरली. खरं सांगावं तर नोकरी जाईल, खोटं सांगावं तर पोर अडकेल. त्याने काय बोलावं?

मी अरबीत म्हणालो, "नाही. इतका मिळत नाही. याच्या निम्माच मिळतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तू कोण?"

"कंपनीचा मंदूब."

"कंपनीचा मंदूब येऊन मला सांगतो की कंपनीचं सर्टिफिकेट खोटं आहे?"

"हो."

"लिहून देशील?"

मी अरबीत लिहिलं, याला प्रत्यक्षात एवढा पगार मिळतो. खाली सही केली. मंदूबच्या बॅगेत कंपनीचा शिक्का असतोच. तो काढला आणि सहीशेजारी मारला. मला वाटतं, तो शिक्का खऱ्या मजकुरावर पहिल्यांदाच उमटला असेल.

एवढ्यात सना कंटाळली. तिने अधिकाऱ्यांच्या टेबलाला हनुवटी टेकवली आणि अरबीत विचारलं, "काका, तुमचं खलास कधी होणार? माझे बूट चावतायत."

अगदी अमेरातच्या पोरांसारखं. तोच हेल. अधिकारी आधी दचकले, मग हसले.

"तू कुठली ग?"

"अमेरातची."

"आणि आता कुठे जायचंय?"

सनाने आईकडे बघितलं. नाव आठवेना. "आब्बांच्या गावाला. तिथे शाळा आहे म्हणे."

"इथली शाळा नको?"

"इथली मला घेत नाही."

अधिकाऱ्यांनी चष्मा परत चढवला आणि कागद जवळ ओढले. नसीमा तोंडाला ओढणी लावून रडत होती, आवाज न करता. मग त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या आणि मला म्हणाले, "मुलगी देश सोडणार असेल तर माफी मिळेल. इन्शाल्ला. पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यात गेलो. दंड पूर्ण माफ. अट एकच, ताबडतोब जायचं.

सना गेली. या वेळी नसीमा तिला गावापर्यंत सोडायला गेली. काउंटरवर शिक्का पडला तेव्हा दाऊद माझ्याशेजारी काचेबाहेर उभा होता. मला वाटलं तो खूश होईल. तो भिंतीला टेकून खाली बसला. ज्या माफीसाठी आम्ही धडपडत होतो, त्या माफीचा अर्थ पोर समोर नसणं हा होता, हे बहुधा तेव्हा त्याच्या अंगावर आलं. मला तर तोवर सुचलंही नव्हतं.

देसाईसाहेबांना कळायचं ते कळलं. माझा कागद इमिग्रेशनहून लेबरकडे पोहोचला आणि त्यांचे इन्स्पेक्टर आले. सगळ्या कामगारांना रांगेत उभं करून पगार विचारला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शिक्का मारलास? कंपनीचा? कोणाला विचारून?"

"खरं लिहिलं होतं सर. खोट्यावर मारताना तरी कुठे विचारत होतो?"

मला काढून टाकता येत नव्हतं, लेबर ऑफिसचं लक्ष होतं. मंदूबचं काम काढून घेतलं आणि निझवाच्या ब्रँचला स्टोअर सांभाळायला पाठवलं. बटाट्याची पोती मोजायला. घर मस्कतला, मी निझवाला. गुरुवारी संध्याकाळी घरी यायचं, शुक्रवारची सुट्टी संपली की परत. दोन वर्षं असं केलं, मग दुसरी नोकरी धरली.

आता कंपनी सुधारली का, ते सांगतो. इन्स्पेक्टरांनी कंपनीला तंबी दिली की कराराप्रमाणे पगार द्या आणि कामगारांच्या सह्या घ्या. कंपनीने सह्या घेतल्या. दर महिन्याला प्रत्येक जण पूर्ण पगार मिळाल्याची सही करायचा आणि जुनंच पाकीट घेऊन खोलीवर जायचा. म्हणजे पूर्वी खोटं कंपनी एकटी बोलायची, आता कामगारांकडूनही वदवून घेतलं जाऊ लागलं. दाऊदनेही सही केली. त्याला म्हसळ्याला पैसे पाठवायचे होते. मी त्याला दोष देत नाही.

सना शाळेत गेली. वर्गात पहिली-बिहिली आली नाही, भांडण झालं की मात्र अरबीत बोलायची, बाई हैराण व्हायच्या. एवढं दाऊदने मला हसत सांगितलं होतं. तो तिला दोन वर्षांतून एकदा भेटायचा.

पुढे बऱ्याच लोकांनी मला माफीच्या अर्जाबद्दल विचारलं. मी अर्ज लिहून द्यायचो आणि आधीच सांगून ठेवायचो, सरकारचं मन वळवणं सोपं आहे. अवघड आहे ते गरिबीचा दाखला मिळवणं. कारण तो, ज्याने तुम्हाला गरीब ठेवलंय, त्याच्याच सहीने आणावा लागतो.