स्थानिकांच्या मदतीने

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीतून उठतो आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यातलं काही असं छळत नाही. ही तर साधी बेकायदा मासेमारीची केस. घरचे म्हणतात, विसरा आता. विसरता आली असती तर लिहायला कशाला बसलो असतो?

मी तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत मोठं धरण. मी मूळचा दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं खारं पाणी तेवढं ओळखीचं, धरणातलं मला काही कळत नसे. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून मासेमारी बंद असते, आणि पाणी चढतं म्हणून सहलीच्या मोटारबोटीचा परवानाही तेवढे दिवस थांबवतात. या काळात धरणावर एकही नाव दिसता कामा नये, असा आदेश होता. तो पाळायला लावणं मत्स्य खात्याचं काम, आणि सोबतीला आम्ही.

अकोल्याच्या कावड यात्रेचा बंदोबस्त आटोपून मी तीन दिवसांनी ठाण्यात परतलो, तोच मोबाईलवर फोटो आला. धरणाच्या मधोमध एक लाकडी नाव आणि तीत दोर धरून उभा म्हातारा. पाठोपाठ फोन. मोटारबोटीचा परवानाधारक होता.

“साहेब, माही बोट दोन महिने झाले काठाले बांधून हाय. थ्या बुढ्याची कशी चालून राह्यली? कायदा का मह्या एकट्यालेच हाय?”

त्याचा सवाल चुकीचा नव्हता. मत्स्य अधिकाऱ्यांना घेऊन मी थेट काठावर गेलो. नाव ओढून ठेवलेली, पण तळ ओला. आत लांब दोर, दोराला लोखंडी गळ. नावेच्या टोकाला हळद माखलेली आणि खाली नारळाची ताजी करवंटी.

“हंगामाचा मुहूर्त करताना हे लोक अशीच पूजा करतात,” अधिकारी म्हणाले. “याने बंदीतच मुहूर्त केला.”

मला ते लगेच पटलं. पंचनामा झाला, नाव जप्त झाली, म्हाताऱ्याचा मासेमारीचा परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव जागेवरच तयार झाला. म्हाताऱ्याला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं आणि अधिकाऱ्यांसमोरच विचारपूस सुरू केली.

“काहून गा, बंदी आहे हे माहीत नाही तुले?”

“माहीत हाय.”

“मग नाव पाण्यात काहून घातली? नारळ कशाचा फोडला?”

त्याने आधी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमाले ठाऊक हाय साहेब.”

“मले काय ठाऊक?”

“काई नाई. लिवा तुमाले जे लिवाचं थे.”

मी टेबलावर हात आपटला. मला तो मुजोर वाटला. खरं तर इतक्या वर्षांत एक गोष्ट मी शिकलो होतो: लबाड माणूस न विचारलेलंही सांगतो, त्याला गप्प बसवत नाही. हा गप्प होता. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण साहेबी अंगात आली की डोकं बाजूला राहतं. बाहेर फाटकाशी त्याची बायको शिपायाला सांगत होती, “परवाना गेला तं मच्छीमार संस्थेतून नाव कटते, भाऊ. जलम पान्यात गेला त्याचा. आता या वयात कोनाच्या वावरात निंदाले जाईन थो?”

अधिकारी गेले. मी तुंबलेल्या कागदांवर सह्या करू लागलो. त्यात आकस्मिक मृत्यूची एक फाईल होती. मी अकोल्यात असताना वलगावकडचा एक माणूस धरणावर आला, पाय घसरून बुडाला. दुसऱ्या दिवशी प्रेत मिळालं. पंचनाम्यात नेहमीचं वाक्य: ‘स्थानिकांच्या मदतीने प्रेत बाहेर काढण्यात आले.’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. त्या दिवशी पेन तिथेच अडलं.

जमादाराला बोलावलं. “स्थानिक म्हणजे कोण?”

तो मान खाजवू लागला. “थोच, साहेब. आत बसला हाय थो.”

“आणि बंदीत नाव घालायला कोणी सांगितलं?”

“मी म्हनलं, साहेबानं सांगतलं हाय. तुमचं नाव नसतं घेतलं तं गेला नसता थो. शोध पथकाचा पत्ता नोता, अन मेलेल्याची बायको काठावर बसून व्हती. पाहवत नोतं साहेब.”

आता सगळं उलगडलं. गळ माशांसाठी नव्हतेच, तळातलं प्रेत अडकवून वर ओढायला होते. ज्या नावेतून प्रेत येतं ती हळदीच्या पाण्याने धुऊन तिच्यापुढे नारळ फोडायची त्यांची रीत. मी त्यालाच पुरावा करून बसलो होतो. आत जाऊन त्याच्यापुढे खुर्ची ओढली.

“बाबाजी, मघाच काहून नाही सांगितलं?”

“तुमी थ्या साहेबाच्या समोर इचारून राह्यले व्हते. म्या म्हनलं, तुमची काई अडचन असन.”

आपला परवाना चालला होता आणि हा माणूस माझी अब्रू सांभाळत होता.

त्याच क्षणी मत्स्य खात्याला पत्र द्यायला हवं होतं: नाव पोलिसांच्या सांगण्यावरून पाण्यात गेली. मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, “चढत्या पाण्यात, जीवरक्षक जाकिटाशिवाय, तोंडी हुकमावर म्हातारा पाठवला, हे लेखी देणार? जमादार जाईल आणि तुम्हीही.” मी, दरोडेखोरांच्या मागे धावलेला माणूस, चार दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. जेवण जाईना, कुणावरही खेकसत होतो. पाचव्या दिवशी पत्र दिलं. परवाना वाचला, पण नाव सुटून येईपर्यंत हंगामाचे पहिले दिवस निघून गेले होते. मला आणि जमादाराला एकेक ताकीद मिळाली. एवढ्यासाठी मी घाबरलो होतो!

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एकजण बुडाला. या वेळी मी स्वतः म्हाताऱ्याच्या घरी गेलो. त्याने ऐकून घेतलं, खुंटीवरचा दोर काढला, दारापर्यंत आला आणि थांबला.

“साहेब, कागद आनला?”

आवाजात राग नव्हता. मी खिसे चाचपले. एवढं होऊनही मी रिकाम्या हाताने आलो होतो. हुकूम तोंडी द्यायची सवय इतकी हाडीमाशी खिळलेली असते. सांगणाऱ्याचा शब्द हवेत विरतो, निस्तरतो तो ऐकणारा. मी तिथेच ओट्यावर बसून आदेश लिहिला, सही केली, जीपमधून जाकीट मागवलं.

त्याला वाचता येत नव्हतं. “माह्यं नाव कोठी हाय?” त्याने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. त्याने कागदाची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि टोपीखाली ठेवली. मग तो नाव लोटायला गेला.

त्या दिवशीच्या पंचनाम्यात ‘स्थानिकांच्या मदतीने’ हे शब्द मी लिहिले नाहीत. त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. अशा आठवणींत कुणाचं नाव द्यायचं नसतं, म्हणून आज इथे पुन्हा तो नुसता म्हातारा राहिला आहे, आणि मला उठून अंगणात जावंसं वाटतं आहे.