आखूड टॅग

ऑफिसात त्यांना सगळे पंतोजी म्हणत, आणि तेही काही कौतुकानं नव्हे. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेला हा प्रोग्रॅमर अजून दुसऱ्यांच्या फायली उघडून टॅग तपासत बसायचा. वेबसाइटच्या पानात सर्व्हरनं चालवायचा कोड कुठून सुरू होतो, ते हा टॅग सांगतो. पूर्ण टॅग कुठल्याही सर्व्हरला कळतो. आखूड टॅग कळायला तिथली एक सेटिंग चालू असावी लागते. ती बंद असली, की सर्व्हर कोड चालवत नाही, जसाच्या तसा लोकांपुढे टाकतो. म्हणून पंतोजी पूर्ण टॅगसाठी हटून बसत.

नव्या साहेबांना ते खुपलं. "उगाच जास्तीची अक्षरं कशाला? सगळीकडे आखूड करा."

"साहेब, उद्या सर्व्हर बदलला तर बोंब होईल."

"उद्याचं उद्या बघू."

"मग तसं लेखी द्या."

साहेब हसले. "पंतोजी, एवढ्याशा गोष्टीला लेखी?"

पंतोजींनी मुकाट्यानं सहाशे फायली बदलल्या. पण लेखी न मिळाल्याचं मनातून जाईना. शेवटी एका गिऱ्हाईक दवाखान्याच्या वेबसाइटच्या पानात, प्रोग्रॅमरशिवाय कुणाला दिसत नाही अशा जागी, त्यांनी नावानिशी टीप लिहिली: 'टॅग आखूड केला आहे. सर्व्हर बदलला की हे पान फुटणार, हे मला माहीत आहे.' तेवढ्यानंही त्यांना हलकं वाटलं.

आठ महिन्यांनी कंपनीनं स्वस्तातला सर्व्हर घेतला, आणि तिथे ती सेटिंग बंद होती. सकाळी डॉक्टरांची वेळ घ्यायला पान उघडणाऱ्या पेशंटांना सगळा कोड दिसला, पासवर्ड दिसला, आणि पंतोजींची टीपही दिसली. खोटं कशाला सांगा, पंतोजींना क्षणभर बरंच वाटलं.

साहेबांनी बोलावून त्या पानाची प्रिंट पुढे सरकवली. "म्हणजे माहीत असून तुम्ही हे होऊ दिलंत?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं एवढं एकच होतं. राजीनामा द्या, पण आधी फायली नीट करा, असं ठरलं. पंतोजी खाली मान घालून बसले आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक टॅग पूर्ण केला, प्रत्येक पान तपासलं. अर्धवट टाकून निघून जावं, हे त्यांना तेव्हाही सुचलं नाही. त्याचा राग त्यांना साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त आला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "पण तुमचंच खरं ठरलं ना?"

"हो," बूट काढत ते म्हणाले, "म्हणून तर काढलं."