चिठ्ठी फाडली, पुस्तक जमा

अन्याय झाला तो फुलंब्रीहून रोज एसटीनं येणाऱ्या एका संशोधक बाईवर. गेल्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात. आणि अन्याय करणाऱ्यांत मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रकं लिहून लिहून मला एक खोड लागली आहे. त्यांनी केलं, प्रशासनानं केलं, व्यवस्थेनं केलं. या वेळी व्यवस्थेच्या हातात एक हिरवं पेन होतं आणि ते माझं होतं.

आधी ग्रंथालय कसं होतं ते सांगते. लांबलचक हॉल, खाली शहाबादी फरशी, भिंतींना लोखंडी कपाटं आणि दारावर पाटी: शांतता पाळा, मोबाईल काउंटरवर जमा करा. दोघी जणी कुजबुजल्या तर बाहेर. प्रोजेक्ट चौघांनी मिळून करा असं वर्गात सांगायचे आणि चौघांना बसायला जागा जिन्यात. पावसाळ्यात जिन्यात पाणी यायचं. मी त्यावर पत्रक काढलं. ‘शांतता पाळा म्हणणाऱ्यांनो, आता ऐका!’ गोल टेबलं हवीत, चार्जिंगची सोय हवी, बोलायला खोल्या हव्यात, कुलूपबंद कपाटं हटवा. पुंडलिकनगरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून आईबरोबर गठ्ठे लावले. आजही त्या पत्रकातली एकेक मागणी मला बरोबर वाटते. म्हणून तर सगळं जास्त टोचतं.

मागण्या मान्य झाल्या. इतक्या सहज झाल्या की मी आठवडाभर हवेत होते. नव्या हॉलसाठी कपाटं निम्मी करायची ठरली आणि कोणती पुस्तकं काढायची, म्हणजे त्यांच्या भाषेत निर्लेखन, हे ठरवायला समिती बसली. ग्रंथपाल सर, एक प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मी. नियम सोपा होता. कम्प्युटरवर यादी होती, प्रत्येक पुस्तकापुढे ते शेवटचं कधी घरी नेलं त्याचा रकाना. दहा वर्षांत एकदाही नेलं नसेल तर बाद. सर नंबर वाचायचे, मी टिक करायची. शेवटी शेवटी ‘इतर’ नावाचं सदर आलं. हस्तलिखित वह्या, बांधीव. सगळ्यांपुढे शून्य. सर वाचत गेले, मी टिक करत गेले. कसल्या वह्या, हे मी विचारलं नाही.

चहा घेऊन मामा आले. ते ग्रंथालयातले परिचर. काउंटरवर बसायचे, पुस्तक काढून द्यायचे, आणि तीन पिढ्यांची पोरं त्यांना मामाच म्हणायची. त्यांनी यादीत डोकावलं.

“सर, या वह्या नका काढू. लोक ह्या रोज वाचतेत.”

“मामा, चहा ठेवा.”

“रोज वाचतेत सर. मी देतो ना काढून.”

मी म्हणाले, “मामा, कम्प्युटरमध्ये शून्य आहे.”

“कम्प्युटर हॉलात कुठं बसतो, पोरी?”

आम्ही तिघंही हसलो. प्राध्यापक तर म्हणाले, “मामा, तुम्हालाच समितीत घ्यायला पाहिजे होतं.” मामाही कसनुसं हसले आणि रिकामा ट्रे घेऊन गेले. ते हसू मला अजून ऐकू येतं. सरांचं किंवा मामांचं नाही, माझं स्वतःचं.

कारण मला माहीत होतं. हॉलमध्ये बसून वाचायचं असेल तर एका चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर आणि आपलं नाव लिहून ओळखपत्रासोबत मामांकडे द्यायचं. वाचून झालं की पुस्तक परत करायचं आणि मामा ती चिठ्ठी आपल्या डोळ्यांदेखत टराटरा फाडून डब्यात टाकायचे. “झालं. जा सुखानं.” पूर्वी कधीतरी एका गरीब पोराची चिठ्ठी काउंटरवर तशीच राहिली होती आणि पुस्तक चोरल्याचा आळ त्याच्यावर आला होता. तेव्हापासून मामांनी ही रीत घातली. चिठ्ठी फाडली म्हणजे पुस्तक जमा, माणूस मोकळा. किती प्रामाणिक रीत! आणि रोज संध्याकाळी तो डबा कचऱ्यात जायचा. हॉलमध्ये बसून जे जे वाचलं गेलं त्याचा एक कपटासुद्धा उरत नव्हता. ज्या वह्या घरी नेताच येत नव्हत्या, त्या घरी नेल्या नाहीत म्हणून बाद झाल्या. मी स्वतः कितीदा माझी चिठ्ठी फाडून घेतली होती. तरीही त्या दुपारी हे दोन तुकडे माझ्या डोक्यात जुळले नाहीत. जुळवायची मला गरज नव्हती. मला हॉल पाहिजे होता.

मग तो सोमवार. सुट्टीत कपाटं हलली होती, हॉलभर सिमेंटची धूळ, पण काउंटर अजून शाबूत होता. काम कुठवर आलं ते बघायला मी गेले होते. ती आली. सुती दुपट्टा डोक्यावरून घेतलेला, खांद्याला कापडी पिशवी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला मी वर्षभर पाहत होते, कोपऱ्यातल्या पंख्याखाली, कायम काहीतरी उतरवून घेताना. बोलले कधी नव्हते. तिनं चिठ्ठी लिहिली, मामांपुढे सरकवली. मामांनी ती हातात घेतली आणि तसेच बसून राहिले.

“काय झालं मामा? बांधणीला गेली का वही?”

मामांनी चिठ्ठी मुठीत घेतली.

“बरं. येऊ द्या मग. बसते मी.”

आणि ती खरंच बसली. धूळ झटकून बाकावर बसली, वही काढली, पेन उघडलं. अर्धा तास. मामा माझ्याकडे बघत होते. शेवटी मीच गेले.

“ताई, त्या वह्या निर्लेखनात गेल्या.”

“म्हणजे?”

“रद्दीत.”

तिनं पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, “सगळ्या?”

त्या वह्या कसल्या होत्या ते मला त्या दिवशी कळलं. फार वर्षांपूर्वी या कॉलेजची पोरं शिबिराला खेड्यांत जायची आणि एकेका गावाची पाहणी लिहून आणायची. घरं किती, शाळा कुठं, विहिरी किती. हातानं काढलेला नकाशा. आणि एक रकाना: पाणी कोण भरतं. कुणी पोरानं शाईनं, वळणदार अक्षरात, काही न लपवता लिहिलेलं. या विहिरीवर अमुक भरतात. त्या विहिरीवर अमुक. आणि वस्तीतल्या बायका भरतात ओढ्याला, एवढ्या अंतरावर.

ती वस्ती तिची. बाबासाहेबांबरोबर धम्मात आलेलं कुटुंब, आजीनं जन्मभर ओढ्याचं पाणी वाहिलेलं. तिचा प्रबंधच पाण्याचा होता, तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणाला कुठली विहीर होती. गावोगाव जाऊन ती म्हाताऱ्यांना विचारत होती आणि सगळीकडे एकच उत्तर. “तसलं काय नव्हतं बघ आपल्या गावात. सगळे एकाच विहिरीवर.” खोटं सांगत असतील असं नाही, विसरायचं ठरवलं की माणूस विसरतो. मार्गदर्शक म्हणायचे, तुझ्या आजीचं म्हणणं ऐकलंय मी, पण ते ऐकीव झालं, लिखित पुरावा आण. पुरावा त्या वह्यांत होता. काही गावं उतरवून झाली होती. तिचं स्वतःचं गाव तिनं शेवटी ठेवलं होतं.

“शेवटी का?” मी विचारलं.

“चांगलं अक्षर काढून लिहायचं होतं.”

आणि मग मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते. म्हणाले, “अगं, मग फोटो नाही का काढायचे मोबाईलवर?”

“मोबाईल जमा करायचा नियम हाये. दारावर लिवलंय.”

“चोरून एखादा…”

“चोरून?” ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती. “तू काढ चोरून. तुला म्हणतील, पोरगी लई हुशार. मला धरलं तर काय म्हणतील, सांगू का तुला?”

मामांनी तिची चिठ्ठी अजून मुठीत धरली होती.

“तुझं पत्रक वाचलं होतं मी,” ती उठता उठता म्हणाली. “गाडीत. लई झणझणीत लिहितीस. कुलपं तोडा, कपाटं हटवा. व्हय, हटवा की. पण उघडून तर बघायचं होतं, बाई, आत काय हाये ते.”

त्याच दुपारी आम्ही दोघी रद्दीच्या गोदामावर गेलो. ती नको म्हणत होती, मीच तिला स्कूटीवर बसवलं. गोदामवाले चाचा भले माणूस. त्यांनी गठ्ठे उलटून दाखवले. मग म्हणाले, “बाजी, कॉलेज का माल तो परसोंच गया. गाडी भर के. अब्बी तो उसका लगदा बी हो गया होंगा.” त्यांनी आम्हाला पाणी दिलं. तिनं ग्लास हातात धरून ठेवला, प्यायली नाही. परतीच्या वाटेवर आरशात मला तिचा दुपट्टा तेवढा दिसत होता. मध्यवर्ती बसस्थानकावर ती उतरली आणि मागं न बघता गर्दीत गेली.

नवा हॉल उन्हाळ्यात उघडला. छान आहे. खोटं कशाला बोलू? गोल टेबलं आहेत, काचेच्या खोल्या आहेत, भिंतीवर लिहून पुसता येतं, पोरं मोठ्यानं बोलतात, भांडतात, शिकतात. मला हेच हवं होतं. पण फरशी जुनीच ठेवली, घासून चकाकवली, आणि जिथं कपाटं उभी होती तिथं फिकट चौकोन राहिले. कितीही पॉलिश मारलं तरी गेले नाहीत. मी पाहिलंय, पोरं त्या चौकोनांवरून जात नाहीत, वळसा घालून जातात. कुणी सांगितलेलं नाही. काउंटरही गेला. मामांना वसतिगृहाच्या कार्यालयात पाठवलं. तरी बाहेरगावची जुनी वाचक माणसं अजून येतात आणि काउंटर होता नेमक्या त्याच जागी थांबतात. हातात ओळखपत्र, हात थोडा पुढं. समोर कुणी नसतं. क्षणभर तशीच उभी राहतात आणि मग कुणी बघितलं का म्हणून आजूबाजूला बघतात. मी बघितलेलं असतं.

मला आता तिथं बसवत नाही. तरी जाते. दुपारी, सगळ्या टेबलांवर गलका असताना, मधेच सगळे एकदम गप्प होतात तसा एखादा क्षण येतो, आणि त्या फटीत मला पान उलटल्याचा आवाज येतो. जाड, हातकागदाचं पान. हॉलमध्ये तर सगळे लॅपटॉपवर.

मागच्या महिन्यात काचेच्या खोलीत पाच जणांचा गट बसला होता. त्यांचा विषय भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला होता: आपल्या तालुक्यातील पाण्याचे स्रोत, काल आणि आज. काचेतून मी बघत होते. मोबाईलवर शोधत होते, एकमेकांना वाचून दाखवत होते, छान काम चाललं होतं. मग एका मुलीनं ‘काल’च्या खाली लिहिलं: पूर्वी गावात सर्वांसाठी एकच विहीर असे.

मी दार ढकलून आत गेले.

“हे खोटं आहे.”

पाचही जण दचकले. तिनं मार्कर खाली घेतला. “ताई, आम्ही आजोबांना फोन करून विचारलं.”

“माहितीये. आमच्या घरीही हेच सांगतात. तरी खोटं आहे. वस्तीतल्या बायका ओढ्याला जायच्या.”

“अच्छा!” मुलीला खरंच उत्सुकता होती. तिनं मार्करचं टोपण काढलं. “मग तसं लिहितो ना. फक्त खाली संदर्भ द्यावा लागतो. कशात दिलंय ते, ताई?”

काय सांगणार? कशात दिलं होतं ते मला पाठ होतं, सदर ‘इतर’, आणि पुढं माझी टिक. ती पाच तोंडं माझ्याकडे बघत होती, भली, हुशार, वाट पाहणारी. शेवटी एकानं सांभाळून घेतलं, “राहू दे, तेवढं वाक्य पुसून टाकू.” पुसलं. लिहिलेलं खोटं गेलं आणि न लिहिलेलं खरंही. भिंत पांढरी.

मी त्या संध्याकाळी, मामांकडून पत्ता घेऊन, पहिल्यांदा फुलंब्रीला गेले. ती दारात धान्य निवडत बसली होती. घडलं ते सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि एक वही घेऊन आली. पाठकोरी, कव्हर नसलेली, पेन्सिलीनं लिहिलेली. मला आधी कळेना.

“कच्ची वही,” ती म्हणाली. “पोरं शिबिरात कच्चं लिहायची, मग कॉलेजात बसून पक्कं करायची. सोयगावला एक निवृत्त मास्तर सापडले. माळ्यावर ठेवली होती त्यांनी. स्वतःच विसरले होते.”

वेगळं गाव. पण नकाशा तोच, रकाना तोच. पाणी कोण भरतं.

“तुझं गाव?”

“ते लिहिणारी पोरं कोण, कुठंत, कुणाला म्हाइत. मुदत वाढवून घेतलीय. शेवटची.” मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “पत्रक काढशील का?”

हेच ते पत्रक. तेव्हा आता तुमच्याकडे वळते. तुम्ही, जे वाचताय. तुम्ही या शहरात शिकला असाल आणि कॉलेजच्या शिबिराला कुठल्याही खेड्यात गेला असाल, किंवा तुमचे वडील, आई, सासरे, मामा गेले असतील, तर उठा. उद्या नाही, आज. स्टूल घ्या, माळ्यावर चढा, ट्रंका उघडा, लग्नाच्या अल्बमखाली बघा. पेन्सिलीची वही सापडली तर ती वाचा, तुमच्या गावाबद्दल तीत काय लिहिलंय ते लाज वाटली तरी शेवटपर्यंत वाचा, आणि फाडू नका. ती घेऊन फुलंब्रीला जा, पाण्यावर प्रबंध लिहिणारी ताई कुठं राहते ते विचारा आणि तिच्या हातात द्या.