पाहुण्याचं पान

पावसाळ्यात नगरला कोण जातं? पुण्याचा माणूस भंडारदऱ्याला जातो, धबधबे बघतो, कणीस खातो. मी माझ्या त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याला घेऊन तिच्या बापाला शोधायला निघाले. तेव्हा हिरवेगार फोटो बघायला आला असाल तर आत्ताच सांगते, यात ते नाहीत.

जुन्या वाचकांना माझे आजोबा आठवत असतील. गेल्या वर्षी इथेच लिहिलं होतं. बेचाळीसच्या चळवळीत ते श्रावणात घर सोडून भूमिगत झाले आणि परत आलेच नाहीत. आत्या तेव्हा पोटात होती. बारा वर्षं वाट पाहून झाल्यावर भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, म्हणजे त्यांना गती मिळेल. आजीनं भटजींना चहासुद्धा न देता घालवलं. शेवटपर्यंत तिनं कपाळाचं कुंकू काढलं नाही. ती गेली तेव्हा आत्यानंच तिला हिरवी साडी नेसवली, सवाष्णीसारखा मळवट भरला.

त्या लेखात मी आजोबांच्या डाव्या हाताला सहा बोटं होती असं ओझरतं लिहिलं होतं. यंदा जूनमध्ये तिसगावच्या पुढे राहणाऱ्या सुनंदाताईंनी त्या लेखाखाली लिहिलं, ‘आमच्या बांधावर एक पाहुणा पुरलेला आहे. सासरे सांगतात, त्यालाही सहा बोटं होती.’

आत्याला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, “गाडी काढ. आई सवाष्ण गेली की विधवा, एवढं मला मरायच्या आत कळू दे.”

सकाळी लवकर निघालो. शिरूरपर्यंत रस्ता झकास, सुप्याला मात्र कारखान्यांच्या ट्रकांनी जीव नकोसा केला. तिथेच मिसळ खाल्ली. तर्री जपून घ्या, घसा सोलवटून निघतो. आत्यानं पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

नगरात मुक्काम केला. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, रिक्षावाले अजून नगरच म्हणतात.) स्टँडजवळ बऱ्यापैकी खोल्या मिळतात, फक्त आधी पंखा चालवून बघा. दुपारी भुईकोट किल्ल्यात गेलो. लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. खंदक, बुरूज सगळं जबरदस्त, पण लोक जातात ते बेचाळीसला देशाचे मोठे पुढारी जिथे डांबले होते त्या खोल्या बघायला. आमच्या पुढे एक कुटुंब होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, “बरंय की हो, हवेशीर आहे.” नवरा म्हणाला, “कैदेत ठेवलंवतं, लग्नाला न्हाई आनलं.”

आत्या दाराशीच थांबली होती. “हे आत होते, पण आहेत एवढं तरी घरच्यांना ठाऊक होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात असूया होती. मला तिचा राग आला नाही. त्या खोल्यांपुढे उभं राहून मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पाथर्डी रस्त्यानं करंजी घाट उतरून तिसगाव. आभाळ भरलेलं, पण पाऊस रुसलेला. बाजरी वीतभर येऊन थांबलेली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं असतात म्हणतात, पण हा काही तो हंगाम नव्हे. तरी वस्ती सामसूमच वाटली. सुनंदाताई फाट्यावर न्यायला आल्या होत्या, शाळेत शिकवतात. त्यांचे सासरे भाऊराव, घरातले त्यांना दादा म्हणतात, ओट्यावर बसले होते. आत्याला बघून उठायला लागले, गुडघ्यांनी ऐकलं नाही.

“बसा हो बसा,” आत्या म्हणाली, “मीही काही तरणी नाही.”

चहा आला. मग भाऊरावांनी आईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. “पाहुनं आलं तवा तापानं फनफनलं हुतं. आईनं कडब्याच्या गंजीमागं ठिवलं. ताकात शिजवलेल्या जवारीच्या कन्या भरवायची. नाव इचारलं तर म्हनायचं, मला न्हाई सांगायचं. तुमाला ठावंच न्हाई तर पोलीस मारून बी काय काढतील?”

“गोळी लागली होती का?” आत्यानं विचारलं.

“न्हाई वो. तापच. दिवाळीच्या आदीच गेलं.”

आत्याचा जन्म दिवाळीनंतरचा.

“जाळलं असतं तर धूर दिसला असता,” भाऊराव सांगत होते, “म्हनून आईबापानं रातोरात बांधावर पुरलं. सवराज्य आल्यावर आई लई दिवस रस्त्याकडं बघायची, कोनी इचाराया यील म्हनून. कोनीच आलं न्हाई. मग सर्वपित्रीला आमी एक पान जादा वाढाया लागलो. पत्र्यावर ठिवायचं आन म्हनायचं, पाहुनं, जेवून घ्या. आजून ठिवतो.”

बांधावर कडुलिंब आहे आणि त्याच्या बुडाशी एक ओबडधोबड दगड. दगडावर काही कोरलेलं नाही. कोरणार काय? आत्या मातीत बसली, दगडावरून हात फिरवत राहिली. मी तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. आजीच्या मर्तिकालासुद्धा ती कोरडी होती.

“न्यायचं आसंल तर न्या,” भाऊराव म्हणाले. “तुमचा हाय.”

“राहू दे. इतकी वर्षं तुमच्याकडे जेवलाय.”

“मग नाव तरी सांगा. आईला लई वाटायचं, नाव कळावं.”

“त्रिंबक,” आत्या म्हणाली. सुनंदाताईंनी ते पुन्हा उच्चारून पाहिलं.

जेवायला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, ठेचा. अशी चव हॉटेलात शोधू नका. परतीच्या घाटात आत्या एकदाच बोलली. “हिरवी साडी मी नेसवली गं तिला. चुकले का मी?” मी गिअर बदलला. एवढ्यासाठी ती आली होती, आणि कळून काय झालं? तिच्या आईचं जन्माचं वाट बघणं फुकट होतं, एवढंच कळलं.

परवा सर्वपित्री झाली. आत्यानं वडिलांच्या नावाचं पहिलं पान वाढलं, आमच्या सोसायटीच्या गच्चीत ठेवलं, नाव घेऊन हात जोडले. दुपार कलली तरी कावळा फिरकला नाही. भाताला पापडी धरली. आत्या पायरीवर उपाशी बसून होती, उठेना. तेवढ्यात सुनंदाताईंचा फोन आला.

“आत्याबाई, यंदा दादांनी नाव घेऊन बोलावलं. किती वेळ झाला, कावळा काही शिवेना. शेवटी दादा नेहमीसारखं म्हणाले, पाहुनं, जेवून घ्या. लगेच आला बघा.”

आत्यानं फोन माझ्या हातात दिला. कठड्याला धरून उभी राहिली, पदर सारखा केला.

“पाहुणे,” ती म्हणाली, “जेवून घ्या.”

त्र्याऐंशी वर्षांत बापाला मारलेली तिची ही पहिली हाक, आणि तीही परक्याला मारावी तशी. मला तिथे उभं राहवेना, मी जिन्यात येऊन रडले.