पलीकडून दिसणारा पाचवा मजला

९ फेब्रुवारीला कुणीतरी नगरपालिकेत २,३४० रुपये मोजणी-शुल्क भरून तक्रार नोंदवली: सीमेवरच्या रस्त्यालगतची चार मजली इमारत पंधरा मीटरपेक्षा उंच आहे. रस्त्याच्या अलीकडे हे शहर, इथली मर्यादा पंधरा. पलीकडे शेजारचं शहर, तिथली चोवीस. उंची जास्त भरली तर चौथा मजला पाडला जाणार होता, आणि त्या मजल्यावर मोजणीदाराची विधवा थोरली बहीण राहत होती. कचेरीत मोजणीदार एकच. त्याला सगळे ओळंबा म्हणत, इतका तो कामात सरळ.

"बहिणीचं घर आहे, जमेल ना?" साहेबांनी विचारलं.

"आकड्याला बहीण नसते, साहेब," तो म्हणाला आणि दुर्बीण उचलली.

रस्ता अरुंद असल्यामुळे दुर्बीण नेहमी पलीकडच्या फुटपाथवर लावायची वहिवाट होती. त्याने तिपाई रोवली. उंची आली सतरा मीटर नव्वद. तीनदा मोजलं, तेवढीच. आक्काच्या खिडकीवर आणखी एक खिडकी होती आणि तिच्यात टॉवेल वाळत होता. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तरी होतीच. फुटपाथवरून तो रस्त्यावर उतरला, तर वर फक्त गच्चीचा कठडा आणि आभाळ.

"किती मजले आहेत हो समोर?" त्याने पलीकडच्या फुटपाथवरच्या शिंप्याला विचारलं.

"पाच की! नोकरी मोजायची अन् विचारता मला?"

जिने चढून तो चौथ्या मजल्यावर गेला. आक्काने पाण्याचा तांब्या पुढे केला. "बरा आलास. वर कुणीतरी कपाट सरकवतं रे."

"वर गच्ची आहे, आक्का."

"मग गच्चीला सांग, दुपारी तरी झोपू दे म्हणावं."

गच्चीवर टाकीशिवाय काही नव्हतं. त्याने कठड्यावरून टेप खाली सोडली: चौदा मीटर नव्वद. कोणता आकडा लिहायचा, याचा विचार करत तो उन्हात बराच वेळ उभा राहिला. मग चौदा-नव्वद लिहून सही ठोकली. 'मोजणी कुठून केली' या रकान्यात, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, 'अलीकडून' लिहिलं. घर वाचलं.

आठ दिवसांनी संध्याकाळी आक्काचा फोन आला. "अरे, वरची बाई येऊन गेली. बिचारी भली वाटली."

"वरची म्हणजे?"

"वरची म्हणजे वरची! म्हणाली, आमची कुठेच नोंद नाही, मग वीज कोण देणार? तुमच्या वायरीवर एक दिवा लावू का? बल्बही नव्हता. मी दिला."

"तू दार उघडलंस?"

"शेजारधर्म नावाची काही गोष्ट असते की नाही?"

तो तसाच पलीकडच्या फुटपाथवर गेला. पाचव्या खिडकीत उजेड होता. कुणीतरी खिडकीशी उभं राहून त्याला ओळखीचा हात केला.

बल्बचे पंचेचाळीस रुपये आक्काला अजून मिळालेले नाहीत.