पासपोर्ट सांभाळणारे काका

सिंगापूरच्या बिशान भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका दरवर्षी तिथल्या आठ-दहा मराठी माणसांना फ्रान्सला नेत. सगळ्यांचे पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये ठेवून तासातासाला ते चाचपत, "आहेत हं सगळे." मला ती काळजी नाटकीच वाटायची.

एका टूरला मीही सोबत असताना बोर्दोच्या द्राक्षमळ्यात माझा पासपोर्ट त्यांच्याकडे सापडेना. मी सगळ्यांदेखत विचारलं, "काका, कुणाला दिलात?" त्यांनी पाऊच टेबलावर रिकामा केला.

संध्याकाळी पासपोर्ट माझ्याच कोटात निघाला. सकाळी हॉटेलात दाखवायला मीच तो मागून घेतला होता. मी तो गुपचूप बसमध्ये त्यांच्या सीटखाली टाकला.

तिथे तो सापडल्यावर काका प्रत्येकाला म्हणाले, "माफ करा, वय झालं हो."

पुढे त्यांनी टूर बंद केली. लोक हळहळले, "विसरायला लागले बिचारे." मीही मान हलवली.